गवत, गाय आणि गळ्यातली ग्रंथी

२६ एप्रिल १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. हे ठिकाण तेव्हा सोव्हिएत युनियनमध्ये होते, आता ते युक्रेनमध्ये आहे. भट्टी पुढे सुमारे दहा दिवस धुमसत राहिली आणि किरणोत्सर्गी वायू व धूळ वाऱ्याबरोबर युरोपभर पसरली. पुढच्या काही वर्षांत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या लगतच्या भागात लहान मुलांना थायरॉईडचा कर्करोग होऊ लागला. यांतील बहुतेक मुले अणुभट्टीच्या आसपासही फिरकली नव्हती. मग हे विष त्यांच्यापर्यंत पोहोचले कसे? मुख्यतः दुधातून, आणि दुधात ते आले गवतातून.

पान म्हणजे जाळे

झाड सगळे काही मुळातूनच घेते, अशी आपली समजूत असते. पण हवेतून आलेली धूळ आधी पानांवर बसते. पानावरची लव, खडबडीतपणा आणि मेणासारखा थर तिला धरून ठेवतात. वायुरूप आयोडिन तर पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून थेट आत शिरते. त्यातच पाऊस पडला तर ढगांतली धूळ एकदम खाली येते. म्हणूनच चेर्नोबिलनंतर एखादे जवळचे गाव बचावले आणि शेकडो किलोमीटरवरचे, नेमका पाऊस झालेले गाव सापडले.

पानावर बसलेल्या धुळीपैकी बरीचशी वारा-पावसाने साधारण पंधरवड्यात निम्म्यावर येते. पण गाय तेवढे थांबत नाही. कुरणात चरणारी गाय दिवसभरात शंभराहून अधिक चौरस मीटरवरचे गवत फस्त करते. एवढ्या जागेवर पडलेले आयोडिन ती गोळा करते आणि त्याचा काही भाग एक-दोन दिवसांतच दुधात उतरतो.

मुलांनाच धोका का?

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड ग्रंथी असते. शरीराला लागणारे संप्रेरक बनवण्यासाठी ती आयोडिन खेचून घेते. ते साधे की किरणोत्सर्गी, हे तिला कळत नाही. मुलांची ग्रंथी अगदी लहान, आणि दूध मात्र ती मोठ्यांपेक्षा जास्त पितात. त्यामुळे छोट्याशा ग्रंथीत किरणांचा मारा फार होतो. शिवाय त्या भागातील लोकांच्या आहारात मुळातच आयोडिन कमी होते. उपाशी ग्रंथीने मिळेल ते अधिकच शोषून घेतले.

दुःखाची गोष्ट अशी की यावरचा उपाय सोपा होता. किरणोत्सर्गी आयोडिनचे प्रमाण दर आठ दिवसांनी निम्मे होते. अडीच-तीन महिन्यांत ते हजाराव्या हिश्श्यावर येते. तेवढे दिवस मुलांना ताजे दूध न देणे पुरेसे होते. १९५७ साली इंग्लंडमध्ये विंडस्केल येथील भट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध ओतून देण्यात आले होते. पोलंडनेही १९८६ मध्ये काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना साध्या आयोडिनची मात्रा पाजली. सोव्हिएत खेड्यांत मात्र लोकांना वेळेवर सांगितलेच गेले नाही. घरच्या गायीचे दूध मुले पीत राहिली.

दुसरा पाहुणा लवकर जात नाही

सीझियमची गोष्ट वेगळी. ते निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. चिकणमाती त्याला घट्ट धरून ठेवते, पण दलदलीच्या जमिनीतून ते मुळांवाटे पुन्हा पुन्हा गवतात येते. त्यामुळे ब्रिटनमधील काही डोंगराळ भागांतल्या मेंढ्यांवरचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडले. जपानमध्ये मार्च २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर दूरच्या चहाच्या मळ्यांतही ते सापडले. जुन्या पानांनी पकडलेले सीझियम झाडाने कोवळ्या पालवीत पोहोचवले होते.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंतही आला होता. चेर्नोबिलनंतर मुंबईत आयात झालेल्या आयरिश लोण्याबद्दल शंका घेतली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. लोणी खाण्यास निर्धोक असल्याचा निर्वाळा तिने दिला.

लक्षात ठेवण्यासारखे

• दूध उकळल्याने जंतू मरतात, किरणोत्सर्गी आयोडिन जात नाही.
• पालेभाजी धुतल्याने वरची धूळ बरीच निघते, पानात शिरलेली निघत नाही. अशा वेळी सरकारी सूचना येईपर्यंत उघड्यावरचा भाजीपाला व चरणाऱ्या जनावरांचे दूध टाळावे. गुरांना झाकलेला कोरडा चारा द्यावा.
• आयोडिनच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. आपली रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, तर आणीबाणीच्या गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड असते. टिंक्चर आयोडिन तर कधीही पोटात घेऊ नये, ते विषारी आहे.
• एरवी आयोडिनयुक्त मीठ नेमाने वापरावे. ते अपघातात कवच ठरत नाही, पण ग्रंथी उपाशी राहत नाही.
• गळ्यात गाठ किंवा सूज दिसली, तर न घाबरता डॉक्टरांना दाखवावी. बहुतेक गाठी साध्या असतात. थायरॉईडचा कर्करोगही वेळीच कळला तर बहुधा बरा होतो.

चेर्नोबिलच्या त्या मुलांपैकीही बहुतेक जण उपचारांनी वाचले. पण पुष्कळांची ग्रंथी काढावी लागली आणि जन्मभर रोज गोळी घेणे नशिबी आले. दूध काही आठवडे थांबवले असते तर यातले बरेचसे टळले असते.