मीटरचा काटा शून्यावर का बसतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की तिच्या लहानसहान तक्रारी आपण चालवून घेतो. काच वर जात नाही, दाराचे लॉक अडकते, एसी थंड करत नाही. याच यादीत एक दिवस स्पीडोमीटरही जाऊन बसतो. गाडी धावते आहे, काटा मात्र शून्यावर. "इंजिन तर ठणठणीत आहे ना, मग चालू द्या," असे म्हणून लोक वर्ष वर्ष तशीच गाडी वापरतात.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत तरी हे चालवून घेण्यासारखे नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरून चौफुल्याला येईपर्यंत गाडीचा वेग नव्वदच्या आसपास असतो. तिथून न्हावऱ्याकडे वळले की रस्त्याचे स्वरूप पालटते. पण महामार्गाच्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना आणि कानांना ऐंशीचा वेगही साठसारखा वाटतो. त्यात कारखान्यांचा गळीत हंगाम असेल तर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री पुढ्यात असतात, आणि मागचा दिवा किंवा परावर्तक पट्टी असेलच याची खात्री नाही. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० पेक्षा ८० ला ते जवळजवळ पावणेदोन पट होते. हा फरक अंदाजाने कळत नाही, तो काट्यानेच कळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या ११७ व्या नियमानुसार वाहनाला स्पीडोमीटर असणे बंधनकारकच आहे.

आता आतली रचना पाहू. जुन्या मीटरला गिअरबॉक्सपासून एक केबल यायची. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये त्या मीटरचे पेटंट घेतले. केबलच्या टोकाला लोहचुंबक फिरतो, त्याच्यावरची ॲल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे ओढली जाते, बारीक स्प्रिंग तिला अडवते, आणि या ओढाताणीत काटा जिथे ठरतो तो वेग. केबल तुटली की नवी टाकायची, काम संपले. ते कोणत्याही फिटरला जमत असे.

इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये केबल नाही. गिअरबॉक्सवर अंगठ्याएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. चाकांबरोबर फिरणाऱ्या गिअरवर त्याचा प्लॅस्टिकचा छोटा गिअर फिरतो आणि सेन्सर दर फेऱ्याला ठराविक ठोके, म्हणजे विजेचे स्पंद, तारेवरून मीटरकडे पाठवतो. मीटर हे ठोके मोजतो. जपानी पद्धतीच्या अनेक गाड्यांत हिशेब असा असतो की एका किलोमीटरला सेन्सरच्या दांड्याचे ६३७ फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याला चार ठोके पडतात. म्हणजे साठच्या वेगाला मिनिटाला ६३७ फेरे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तपासणीची सुरुवात पाना-पक्कड घेऊन करू नये. आधी नुसते बघावे. काट्याबरोबर पेट्रोलचा आणि तापमानाचा काटाही मेला आहे का? तसे असेल तर दोष मीटरच्या पुरवठ्यात आहे, फ्यूज बघा. वेगाचा काटा पडला आहे पण किलोमीटरचे आकडे पुढे सरकत आहेत? मग सेन्सर निर्दोष आहे, बिघाड मीटरच्या आत, काट्याच्या मोटरीत. काटा चालतो आणि आकडेच थांबले, तरीही बिघाड आतच. आणि काटा व आकडे दोन्ही बंद, बाकी सगळे ठीक, असे असेल तर संशय सेन्सरवर, त्याच्या तारांवर किंवा कपलरवर. जुन्या गाड्यांत बहुधा हेच निघते. एवढे पाच मिनिटांचे निरीक्षण न करता "पूर्ण मीटर बदलावा लागेल" असे सांगणारे लोक आहेत. त्यांना नम्रपणे विचारावे, की सेन्सर तपासला का?

फ्यूजबद्दल जास्त बोलत नाही. जळला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घाला. तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नका. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

खरी गंमत आहे ती सेन्सरच्या कपलरपाशी. ही जागा गाडीच्या पोटात, चाकाच्या मागे, चिखलाच्या माऱ्यात. पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, त्यात गिअरबॉक्सचे झिरपलेले तेल. कपलरची खिट्टी दाबून तो सरळ ओढावा, तारेला धरून ओढू नये. आतल्या पिनांवर हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून वाळू द्यावे. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये. त्याने रबरी सील फुगते, आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल नेणे हा निव्वळ अविचार. पुष्कळ मीटर एवढ्या साफसफाईनेच जिवंत होतात.

दुसरा शत्रू उंदीर. उसाच्या फडाशेजारी किंवा धान्याच्या खोलीला लागून गाडी उभी राहत असेल तर बॉनेटखालची ऊब त्यांना फार आवडते. तोडणी झाली की फडातले उंदीर आसरा शोधत बाहेर पडतात. कुरतडलेली तार पुष्कळदा वरून दिसत नाही. हाताने चाचपत जावे. मध्येच मऊ, लुळी लागली तर आवरणाच्या आत तांबे तुटले आहे असे समजावे.

तार ठीक, कपलर ठीक, तरी काटा हलत नाही. आता मल्टिमीटर. साधा मिळतो तोही पुरतो. तीन तारांचा सेन्सर असेल तर एक तार पुरवठ्याची, एक अर्थिंगची, एक ठोक्यांची. इग्निशन चालू, इंजिन बंद. पहिल्या दोन तारांमध्ये बहुतेक गाड्यांत बॅटरीएवढे, म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास, तर काहींत ५ व्होल्ट मिळायला हवेत. मिळत नसतील तर सेन्सरला दोष देऊ नका, त्याला जेवणच पोचत नाही. अर्थिंग सैल असणे हाही फार नेहमीचा दोष. मिळत असतील तर कपलर जोडलेलाच ठेवून, मागच्या बाजूने टोक घालून तिसरी तार तपासायची. कपलर काढून तपासली तर अनेक सेन्सर काहीच दाखवत नाहीत, कारण त्या तारेला लागणारा व्होल्ट मीटरकडून येतो. दोन तारांच्या सेन्सरची जात वेगळी. त्याला पुरवठा लागत नाही, तो फिरताना स्वतःच थोडी वीज तयार करतो.

ठोके पडायला चाक फिरले पाहिजे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, पुढचे एकच चाक जॅकने उचला आणि खाली भक्कम टेकू द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून उचललेले चाक हाताने हळू फिरवा. तिसऱ्या तारेवर व्होल्ट एकदा शून्याजवळ, एकदा वर असा झुलत राहिला तर सेन्सर ठोके देतो आहे. एकच चाक का, असा प्रश्न पडेल. दोन्ही उचलली तर एक फिरवताना डिफरन्शिअलमुळे दुसरे उलटे फिरते, मधला गिअर जागचा हलत नाही, आणि चांगला सेन्सर बिघडलेला ठरतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हँडब्रेक सोडल्याशिवाय चाक फिरणारच नाही; ती तपासणी घरी करू नये, रॅम्पवरच करावी.

शेवटची परीक्षा मला सगळ्यात आवडते. सेन्सर एका बोल्टवर बसलेला असतो. तो काढून त्याचा प्लॅस्टिकचा गिअर बघा. दात झिजलेले किंवा दांड्यावर गिअर मोकळा फिरत असेल तर दोष सापडला. गिअर चांगला असेल तर कपलर जोडून, इग्निशन चालू करून, सेन्सरचा दांडा वेग कमी-जास्त होणाऱ्या ड्रिल मशीनने हळू फिरवा. गाडी जागेवर उभी, आणि काटा वर चढताना दिसेल. मघाचा ६३७ हा आकडा इथे कामाला येतो: त्या पद्धतीच्या गाडीत ड्रिल मिनिटाला सहाशेच्या थोडे वर फिरले की काटा साठच्या जवळ यावा. आला, तर मीटर आणि वायरिंग दोन्ही उत्तम.

ज्या गाड्यांना एबीएस आहे त्यांतल्या काहींत गिअरबॉक्सवर सेन्सरच नसतो, वेग चाकांवरच्या सेन्सरकडून येतो. एबीएसचा दिवाही लागला असेल तर आधी चाकांकडे बघावे. स्कॅनर लावता येत असेल आणि त्यात वेग दिसत असेल तर सेन्सर निश्चित चांगला. दिसत नसेल तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. काही गाड्यांत इंजिनाच्या संगणकाला वेग मीटरमार्फतच कळतो. हाच संगणक वेगाची माहिती वापरतो, म्हणून मीटर बंद पडल्यावर काही गाड्या सिग्नलला थांबताना बंद पडू लागतात. लोक मग कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीचे ट्यूनिंग करून घेतात!

मीटर दुरुस्त होईपर्यंत मोबाइलवरचा उपग्रहाचा वेग बघता येतो, पण तो शेजारी बसणाऱ्याने बघावा. मैलाच्या दगडांवरूनही हिशेब होतो: एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ६० सेकंद लागले तर वेग ६०, ४५ सेकंद लागले तर ८०.

दोष मीटरच्या आतच निघाला तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढूनच मीटर सोडवावा. एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम जाणकाराकडेच द्यावे. पुष्कळदा आत एखादा टाका सुटलेला असतो आणि नव्याने सोल्डर केल्यावर मीटर चालतो. दुसऱ्या गाडीचा जुना मीटर बसवला तर त्यातले किलोमीटर तुमच्या गाडीचे नसतात. म्हणून बदलाची तारीख, जुन्या मीटरचा आकडा आणि नव्याचा आकडा सर्व्हिसच्या वहीत लिहून गॅरेजची सही घ्यावी. ऑइल बदलण्याचा हिशेब तर त्यावर चालतोच, शिवाय उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला ती वही दाखवता येते. आणि तुम्ही घेणारे असाल, गाडीचा मीटर बंद असेल, आणि विकणारा "फक्त पन्नास हजार चालली आहे" म्हणत असेल, तर आधी क्लचच्या पेडलचे रबर किती झिजले आहे ते बघा.