टचपॅड ‘फार सेन्सिटिव्ह’ झालाय म्हणजे नेमकं काय झालंय?

इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टाइप करणाऱ्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ‘विषय’ हा शब्द लिहायचा आहे. ‘व’ उमटला. वेलांटीची कळ दाबेपर्यंत अंगठ्याची कड खालच्या टचपॅडला घासली आणि लुकलुकणारी उभी रेघ तीन ओळी वर जाऊन बसली. वेलांटी तिकडेच उमटली. तिथे आधी व्यंजन नसेल तर ती ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून एकटीच दिसते. प्रश्नपत्रिका किंवा अर्ज लिहिताना एका पानात चार-पाच वेळा असं झालं की माणूस वैतागतो आणि दुरुस्तीच्या दुकानात जाऊन सांगतो, ‘टचपॅड फार सेन्सिटिव्ह झालाय.’

या एका वाक्यात चार निराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. बाण फार वेगाने पळतो, ही एक. टाइप करताना नको तिथे क्लिक होतं, ही दुसरी. बोट स्थिर असतानाही बाण थरथरतो, ही तिसरी. आणि हात न लावता क्लिक होतं किंवा क्लिक अडकून बसतं, ही चौथी. चौघींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पहिल्या दोन तर घरबसल्या, एक रुपयाही न घालवता सुटतात. तरीही तक्रार कोणती हे ओळखायच्या आतच कुणी नवा टचपॅड बसवून घेतं, कुणी अख्खा लॅपटॉप फॉरमॅट करून घेतं. हा खर्च आणि मनस्ताप टाळता येतो. त्यासाठी काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : टचपॅड बोटाचा दाब मोजतो, म्हणून हात हलका ठेवावा

वस्तुस्थिती : बाण हलवण्यासाठी टचपॅडला दाब लागतच नाही. पॅडच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली विद्युतवाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते आणि तिच्याभोवती हलकं विद्युतक्षेत्र असतं. माणसाचं शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट जवळ आलं की त्या क्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो. जाळीच्या ज्या छेदावर हा बदल होतो तिथे बोट आहे, असा निष्कर्ष आतली चिप काढते. ही तपासणी सेकंदाला साधारण शंभर वेळा किंवा त्याहून अधिक वेळा होते. अमेरिकेतल्या जॉर्ज गेर्फाइड यांना अशा टचपॅडचं पेटंट १९९४ मध्ये मिळालं. त्याच वर्षी अ‍ॅपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत ट्रॅकबॉलच्या जागी ट्रॅकपॅड आला.

दाब मोजणारे पॅडही आहेत, पण तो दाब क्लिकसाठी मोजला जातो. २०१५ पासून मॅकबुकमध्ये आलेल्या फोर्स टच ट्रॅकपॅडमध्ये खाली दबणारं बटणच नाही. कडेचे संवेदक दाब ओळखतात आणि आतली छोटी यंत्रणा बोटाला क्लिकचा ठोका जाणवून देते. लॅपटॉप पूर्ण बंद असताना असा पॅड दाबून पाहिला तर क्लिक जाणवतच नाही.

म्हणजे हात कितीही हलका ठेवला तरी तळहाताची कड पॅडला लागली की चिपला ती दिसणारच. खरा प्रश्न आहे तो हा स्पर्श मुद्दाम केलेला की चुकून झालेला, हे ओळखण्याचा.

गैरसमज : बाण सुसाट पळतो, म्हणजे सेन्सिटिव्हिटी जास्त आहे

वस्तुस्थिती : हा फक्त वेग आहे. बोट एक सेंटिमीटर सरकलं की बाणाने किती अंतर कापायचं, एवढंच त्यात ठरतं. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘टचपॅड’ असं गेलं की ‘कर्सर स्पीड’ची पट्टी दिसते. मॅकमध्ये तिचं नाव ‘ट्रॅकिंग स्पीड’. ती दोन घरं मागे घेतली की काम झालं. मात्र टाइप करताना रेघ उडण्याची तक्रार या पट्टीने सुटत नाही. वेग कमी करून पाहिला, फरक पडला नाही, म्हणजे पॅडच बिघडला, असा निष्कर्ष इथेच काढला जातो.

गैरसमज : सेन्सिटिव्हिटी कमी केली की पॅड बधिर होईल

वस्तुस्थिती : सगळ्यात मोठा गोंधळ या शब्दाचा आहे, आणि त्यामागे थोडा इतिहास आहे. पूर्वी सिनॅप्टिक्स, अल्प्स, एलान अशा टचपॅड बनवणाऱ्या कंपन्या आपापला ड्रायव्हर देत आणि प्रत्येकाचं सेटिंगचं पान वेगळं असे. सिनॅप्टिक्सच्या जुन्या पानावर स्पर्श किती हलका असला तरी मोजायचा, याची एक पट्टी होती आणि तळहात ओळखण्यासाठी ‘पामचेक’ नावाची दुसरी. २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर मायक्रोसॉफ्टने ‘प्रिसिजन टचपॅड’ आणला. त्यात बोटांच्या हालचालींचा अर्थ लावण्याचं काम विंडोजकडे आलं.

त्या विंडोज ८.१ मध्ये हे सेटिंग सरळ शब्दांत मांडलेलं होतं. टाइप करताना चुकून क्लिक होऊ नये म्हणून किती उशीर ठेवायचा, असं विचारून उशीर नको, थोडा, मध्यम आणि जास्त असे चार पर्याय दिलेले होते. विंडोज १० मध्ये त्या जागी ‘टचपॅड सेन्सिटिव्हिटी’ हे नाव आलं आणि पर्याय झाले मोस्ट सेन्सिटिव्ह, हाय, मीडियम आणि लो. विंडोजच्या रजिस्ट्रीत याची नोंद ‘एएपी थ्रेशोल्ड’ नावाने होते. त्यातल्या एएपीचा अर्थ चुकून लागलेला स्पर्श रोखणं. थोडक्यात, या सेटिंगचा मुख्य संबंध बोट किती हलकं यापेक्षा शेवटची कळ दाबून किती वेळ झाला याच्याशी आहे. ‘लो’ निवडलं की टाइप केल्यानंतर पॅड जरा जास्त वेळ स्पर्शांकडे संशयाने पाहतो. हात थांबले की तो पूर्वीसारखाच चालतो.

ज्यांचं काम मुख्यतः टायपिंगचं आहे त्यांनी ‘लो’ निवडून दोन दिवस काम करून पाहावं. गेम खेळणाऱ्यांना मात्र हेच सेटिंग नडतं. एका हाताने कळा दाबत दुसऱ्या हाताने पॅड वापरायचा असला तर पॅड मध्येमध्ये गप्प बसल्यासारखा वाटतो. लिनक्सवरही असंच घडतं, कारण तिथल्या लिबइनपुट ड्रायव्हरमध्ये टाइप करताना पॅड बंद ठेवण्याची सोय मुळातच चालू असते.

आता यातली सर्वांत उपयोगी गोष्ट. पडद्यावर बाण वेगळा आणि मजकुरातली उभी रेघ वेगळी. तळहात घासून नुसता बाण सरकला तर मजकुराला काहीच होत नाही. रेघ उडते ती हलका स्पर्श ‘टॅप’ म्हणून क्लिकसारखा मोजला गेला तरच. त्यामुळे विंडोजमधल्या त्याच पानावर ‘टॅप्स’ या भागात एका बोटाच्या टॅपने क्लिक करण्याची खूण काढली की वेलांटी दुसऱ्या ओळीत जाण्याचा प्रकार जवळजवळ संपतो. पॅड दाबून क्लिक करता येतंच. मॅकमध्ये ‘टॅप टू क्लिक’ मुळातच बंद असतं, वापरणाऱ्याने ते चालू करायचं असतं. पॅडचे आकार वाढल्यामुळे याचं महत्त्वही वाढलं आहे. १५ इंची मॅकबुक प्रोचा ट्रॅकपॅड २०१६ मध्ये आधीच्या दुप्पट झाला. इतक्या मोठ्या पॅडवर टाइप करताना तळहात टेकणं स्वाभाविकच आहे.

गैरसमज : माउस जोडला की टचपॅड आपोआप बंद होतो

वस्तुस्थिती : होत नाही, तसं सांगावं लागतं. विंडोजमध्ये टचपॅडच्या पानावर माउस जोडलेला असतानाही पॅड चालू ठेवण्याची खूण असते, ती काढायची. मॅकमध्ये ही सोय ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधल्या ‘पॉइंटर कंट्रोल’खाली आहे. अनेक लॅपटॉपवर वरच्या फंक्शन कळांपैकी एकीवर टचपॅडचं छोटं चित्र असतं. ती कळ पॅड बंद-चालू करते, आणि ती चुकून दाबली गेल्यामुळे ‘पॅड मेला’ असं समजून लॅपटॉप दुकानात नेणारेही असतात.

गैरसमज : बाण आपोआप थरथरतो, म्हणजे व्हायरस शिरलाय

वस्तुस्थिती : आधी चार्जर काढून पाहावा. बॅटरीवर बाण शांत राहिला आणि चार्जर लावताच पुन्हा नाचू लागला, तर संशय विजेवर घ्यायचा. चार्जर घरातली २३० व्होल्टची वीज अत्यंत वेगाने चालू-बंद करत खालच्या व्होल्टेजवर आणतो. त्यातून निघणारा विद्युत गोंगाट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. दोन पिनांचा चार्जर, तीन पिनांना दोन पिनांचं करणारा कन्व्हर्टर किंवा अर्थिंगची तार जोडलेलीच नसलेला जुना प्लगपॉइंट असेल तर हा गोंगाट लॅपटॉपच्या अंगावर रेंगाळतो. पॅड तर बोटामुळे होणारे अत्यंत सूक्ष्म बदल मोजत असतो. त्यात गोंगाट मिसळला की स्थिर बोटही त्याला हलताना दिसतं. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की मुंग्या आल्यासारखं वाटतं, तेही बहुधा याच कारणाने.

तीन पिनांच्या भारतीय प्लगमधली वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. ती कापू नये, कन्व्हर्टर लावून तिला टाळू नये. लॅपटॉपच्या कंपनीचाच चार्जर वापरावा आणि वायरमनकडून प्लगपॉइंटचं अर्थिंग तपासून घ्यावं. टचपॅडपुरतंच नव्हे, घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठीही ते गरजेचं आहे.

मग व्हायरस किंवा बाहेरून कुणी ताबा घेतल्याचा संशय कधी घ्यायचा? बाण हेतुपूर्वक हलत असेल, म्हणजे खिडक्या उघडत असेल, फाइलपर्यंत जात असेल, तर तत्काळ इंटरनेट तोडावं. नुसत्या थरथरीमागे मात्र असा हेतू दिसत नाही. फॉरमॅट करण्याआधी आणखी एक कसोटी आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावं. तिथेही बाण तसाच नाचत असेल तर विंडोज पुसून काहीही साधणार नाही.

गैरसमज : ओल्या फडक्याने पुसलं किंवा वर जाड प्लास्टिक चिकटवलं की पॅड ताळ्यावर येतो

वस्तुस्थिती : पाण्याचा थेंब आणि खारट घाम दोन्ही वीजवाहक आहेत. पॅडवर ते राहिले की चिपला बोटासारखेच दिसतात. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा मे महिन्याच्या उकाड्यात पॅड जास्त बिथरतो, त्याचं हे साधं कारण. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मऊ मायक्रोफायबर कापडावर थोडंसं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पॅड पुसावा. द्रव थेट पॅडवर फवारू नये. जाड प्लास्टिकमुळे बोट आणि जाळी यांच्यातलं अंतर वाढतं. चुकीचे स्पर्श थांबोत न थांबोत, खरे स्पर्श मात्र हुकू लागतात.

गैरसमज : पॅड एका बाजूने वर आला तर दाबून बसवावा

वस्तुस्थिती : अजिबात दाबू नये. अनेक लॅपटॉपमध्ये पॅडच्या खाली किंवा अगदी शेजारी लिथियम-आयन बॅटरी असते. जुनी किंवा सतत तापणारी बॅटरी आतून वायू तयार होऊन फुगते आणि पॅडला खालून ढकलते. मग क्लिक आपोआप होतं, अडकून बसतं किंवा होतच नाही. पॅडची एक कड उंच दिसणं, झाकण नीट न मिटणं, सपाट टेबलावर लॅपटॉप डगमगणं या तिच्या खुणा आहेत. अशा वेळी कोणतंही सेटिंग शोधत बसू नये. लॅपटॉप बंद करावा, चार्जिंगला लावू नये, बॅटरी टोचू नये, आणि तो सर्व्हिस सेंटरला न्यावा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवायची असते.

दुकानात जावंच लागलं तर ‘सेन्सिटिव्ह झालाय’ एवढंच सांगू नये. जाण्याआधी एका चिठ्ठीवर चार उत्तरं लिहून घ्यावीत. फक्त टाइप करतानाच होतं का? चार्जर काढल्यावर थांबतं का? टॅप बंद करून फरक पडला का? पॅड चारही बाजूंनी सपाट आहे का? ही चिठ्ठी हातात असली की काय उघडायचं आणि कशाला हातही लावायचा नाही, हे कारागिराला लॅपटॉप खोलण्याआधीच कळतं.