मागच्या बाकावर काय ऐकू येतं?

‘पाट, ताट, काठ, माठ.’ तिसरीच्या वर्गाला मी श्रुतलेखन घालत होते. वह्या तपासायला घेतल्या, तर मागच्या कोपऱ्यात बसणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘ताट, ताट, काठ, पाठ.’ मी रागावले. “लक्ष कुठं असतं गं तुझं?” असं सगळ्यांसमोर बोलले. ती बिचारी खाली मान घालून बसली. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवलं, तसलेच शब्द घातले, तर एकही चूक नाही! मग मीच मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि एका मुलाला फळ्यापाशी उभं करून वाचायला सांगितलं. बालमित्रांनो, खरं सांगते, आवाज चांगला मोठा येत होता. पण शब्द काही कळत नव्हता.

त्या मुलीच्या कानांत काही बिघाड नव्हता. बिघाड खोलीत होता.

आता तुम्ही म्हणाल, खोली कशी बिघडेल? त्यासाठी जरा लेण्याद्रीला जाऊ या. गिरिजात्मज गणपतीचं देऊळ सातव्या लेण्यात आहे, हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्याच्या शेजारचं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह. आत दगडी स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि वर कमानदार छत. तिथं कुणी नुसतं खाकरलं तरी तो आवाज लगेच विरत नाही. आपल्या तोंडून निघालेला आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगानं जातो, दगडावर आपटतो, परत फिरतो, पुन्हा दुसरीकडं आपटतो. दगड आवाज गिळत नाही, म्हणून तो घुमत राहतो. याला विज्ञानाच्या पुस्तकात ‘निनाद’ म्हणतात.

वर्गातही हेच होतं, फक्त अंतरं लहान असतात. वेगळा प्रतिध्वनी ऐकू यायला भिंत निदान १७ मीटर लांब हवी. वर्गाची भिंत तेवढी लांब नसते, त्यामुळं परतलेले आवाज मूळ आवाजातच मिसळतात. ‘माठ’मधल्या ‘मा’ची शेपटी ‘ठ’वर पसरते. ‘आ’ हा स्वर दांडगा, पण ‘प’, ‘त’, ‘ठ’ ही व्यंजनं नाजूक आणि क्षणभराची. ती बुडाली, की पाट आणि ताट सारखेच!

या घुमण्याचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेतल्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकानं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं होतं आणि तिथं बोललेलं कुणालाच कळेना. एकदा काढलेला आवाज सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा! सॅबिननं काय करावं? शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात पसरायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि घड्याळ लावून आवाज कधी विरतो ते मोजायचं. सकाळ व्हायच्या आत गाद्या पुन्हा जागच्या जागी! अशा कित्येक रात्री घालवल्यावर त्याला सूत्र सापडलं. खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) घ्या, त्याला ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या वस्तू जितका आवाज गिळतात त्यानं भागा. उत्तर येतं ते सेकंदांत.

मोठ्या मुलांनी हे करून पाहा. खोली ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरा. घनफळ १२६. भिंती, छत आणि जमीन मिळून १६२ चौरस मीटर होतात. गुळगुळीत गिलावा शंभरातला सुमारे ३ भाग आवाज गिळतो असं धरलं, तर रिकाम्या खोलीत आवाज चार सेकंदांहून थोडा जास्त घुमेल. आता तीस मुलं आत बसवा. एक मूल साधारण ०.४ चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतं असं माना. घुमणं सव्वा सेकंदाच्या आत आलं! म्हणजे वर्गातला आवाज शोषणारी सगळ्यात मोठी वस्तू तुम्हीच, बरं का! शिकवण्यासाठी मात्र ०.६ सेकंदाच्या आसपास घुमणं चांगलं मानतात.

पण या सूत्रात एक अडचण आहे. ते सगळ्या खोलीची सरासरी सांगतं. त्या कोपऱ्यातल्या बाकावर काय होतंय, ते सांगत नाही. तिथं नेमकं काय ऐकू येतं हे कळायला प्रत्येक जागी माईक ठेवायला हवा. प्रत्येक म्हणजे किती? १००० हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते. तिचा आकार पकडायचा तर तिच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे दर १७ सेंटिमीटरला एक माईक हवा. लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींकडून मोजलं, तर आपल्या या एका वर्गाला सुमारे पंचवीस हजार माईक लागतील. मुलांना बसायला जागा उरायची नाही!

मग थोड्या ठिकाणी मोजून बाकीचं ओळखता येईल का? जुन्नर तालुक्यातल्या मुलांना ही युक्ती नवी नाही. खोडदची ती अवाढव्य दुर्बीण पाहिलीत ना? प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली जीएमआरटी. जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी शाळांची मुलं २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला तिथं जाऊन आली आहेत. २५ किलोमीटर रुंदीची एकच तबकडी बांधणं शक्य नाही, म्हणून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेवढ्या परिसरात पसरून ठेवल्या आहेत. चौदा मधल्या भागात आणि सोळा तीन लांब हातांवर. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशा या जोड्या आकाशाकडं वेगवेगळ्या कोनांतून पाहतात आणि उरलेल्या फटी गणितानं भरून काढून चित्र तयार होतं. ती आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकते, आपल्याला वर्गातला आवाज ऐकायचाय. पण प्रश्न एकाच जातीचा. कान थोडे, ऐकायचं पुष्कळ.

खोलीतल्या फटी भरायला संशोधकांनी अलीकडं ‘डीप लर्निंग’ची मदत घेतली आहे. ठिपक्यांच्या रांगोळीवरून हे चटकन समजेल. आजीनं अंगणात अर्धेच ठिपके जोडले, तरी ‘हे कमळ होणार’ असं तुम्ही सांगता. का? कारण तुम्ही शेकडो रांगोळ्या पाहिल्या आहेत. तसंच संगणकाला हजारो खोल्या दाखवतात. खऱ्या नव्हेत, संगणकातच गणितानं तयार केलेल्या. प्रत्येक खोलीत कुठं आवाज जोरात आणि कुठं मंद, याचा पूर्ण नकाशा हाताशी असतो. त्यातला बराचसा भाग झाकायचा, मोजक्या जागांचे आकडे दाखवायचे आणि विचारायचं, ‘बाकीचं ओळख.’ उत्तर चुकलं, की त्याच्या आतल्या लाखो संख्या किंचित इकडंतिकडं सरकवायच्या. पुन्हा पुढची खोली. असं असंख्य वेळा केलं, की त्याला अंदाज बांधता येऊ लागतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर फाटक्या फोटोतला गेलेला भाग भरून काढायची रीतच खोलीच्या आवाजाला लावली होती. अस्ताव्यस्त ठेवलेल्या मोजक्या माईकवरून एका पातळीवरचा आवाजाचा नकाशा त्यांनी भरला, ३० ते ३०० हर्ट्झपर्यंतचा. ध्वनिलहरींच्या नियमांत न बसणारं उत्तर आलं तर ते चूक धरायचं, असंही काही पद्धतींत संगणकाला शिकवतात. ते मला अधिक पटतं.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण गोम तिथंच आहे. ३०० हर्ट्झची लहर मीटरभराहून लांब, म्हणून माईक दूरदूर ठेवले तरी चालतं. पण ‘प’ आणि ‘त’मधला फरक बराचसा वरच्या, म्हणजे २००० हर्ट्झच्या पुढच्या आवाजात असतो. तिथं लहर १७ सेंटिमीटर किंवा त्याहूनही लहान! माझ्या विद्यार्थिनीला जे ऐकू येत नव्हतं, तेच ओळखणं संगणकाला सर्वांत अवघड.

आणखी एक. ज्यानं आयुष्यभर कमळाचीच रांगोळी पाहिली, त्याला कुठल्याही ठिपक्यांत कमळच दिसणार. समजा, चौकोनी खोल्यांवर शिकलेला संगणक जुन्नरच्या तुळजा लेण्यात नेला. तिथलं चैत्यगृह गोल आहे. बारा खांबांचं कडं आणि वर घुमटासारखं छत. संगणक तिथंही न अडखळता नकाशा काढून देईल. चुकलो असेन, असं म्हणणार नाही. म्हणून अशा कामात एक-दोन माईकचे आकडे मुद्दाम लपवून ठेवायचे आणि शेवटी ताळा करून पाहायचा.

आमच्या शाळेत कुठले एवढे माईक! पण तीस जोडी कान होते. मुलांनीच खेळ तयार केला. एकानं फळ्यापाशी उभं राहून दहा शब्द वाचायचे, नऊ बाकांवर नऊ जणांनी लिहायचे आणि बरोबर आलेल्या शब्दांचा आकडा फरशीवर खडूनं मांडायचा. मधल्या रिकाम्या बाकांचे आकडे शेजाऱ्यांवरून ओळखायचे, मग तिथं बसून खरं-खोटं करायचं. दर वेळी शब्द नवे, नाहीतर पाठ होतात! त्या कोपऱ्यात दहापैकी ४ आले. मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगल्या, तेव्हा ७ झाले. (कुणीतरी अंड्यांचे ट्रे आणू म्हणत होतं, पण त्यांचा उपयोग फार थोडा होतो.)

खिडकीजवळच्या एका बाकाचा अंदाज मात्र सपशेल चुकला. दोन्ही शेजाऱ्यांना ८ होते, म्हणून सगळ्यांनी तिथंही ८ लिहिलं. प्रत्यक्षात आले ५. का ते कळेना. शेवटी ती मागची मुलगीच, जिला मी रागावले होते, तिथं जाऊन बसली आणि म्हणाली, “बाई, इथं नारायणगावला टोमॅटो नेणाऱ्या गाड्या ऐकू येतात.” बाहेरच्या रस्त्याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. तिची मी वर्गासमोर माफी मागितली. त्या बाकाच्या जागी आता पुस्तकांचं कपाट ठेवलंय.