उपसलेल्या गाळावरचा तळ

सशस्त्र दलाचा तळ बेटावर असला, की कुणा धोरणी माणसाने नकाशावर बोट ठेवून ती जागा हेरली असणार, असे आपण धरून चालतो. कॅलिफोर्नियात ओकलंड आणि अलामेडा या शहरांमधल्या खाडीत ६७ एकरांचे ‘कोस्ट गार्ड आयलंड’ आहे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या पॅसिफिक विभागाचे मुख्यालय तिथेच आहे. एवढ्या थोर पाहुण्यासाठी बेट मुद्दाम बांधले असेल असे वाटावे. पण इतिहास वेगळे सांगतो. बेट झाले ते गाळ टाकायला जागा हवी होती म्हणून, आणि तळ आला तो सरकारी मालकीची मोकळी जमीन हाताशी होती म्हणून.

मुळात अलामेडा हेदेखील बेट नव्हते. खाडी उथळ होती, मोठी जहाजे आत यायची तर तळ खोल करणे भाग होते. भरती-ओहोटीच्या ओढीने खाडी आपोआप साफ राहील, या आशेने लष्कराच्या अभियंत्यांनी अलामेडाला जोडणाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातून कालवा खणला. तो १९०२ मध्ये पुरा झाला आणि अलामेडा मुख्य भूमीपासून तुटले. उपसा मात्र सुटला नाही. १९१३ मध्ये त्याच खाडीतल्या गाळाच्या भरावातून हे नवे बेट वर आले. त्याचे नाव पडले ‘गव्हर्नमेंट आयलंड’. नाव मालकी सांगते, उपयोग सांगत नाही, कारण उपयोग अजून ठरायचा होता.

पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेने काँक्रीटची जहाजे बांधायला घेतली. त्यांपैकी ‘पालो आल्टो’ आणि ‘पेराल्टा’ ही दोन तेलवाहू जहाजे या बेटावर घडली. ‘पालो आल्टो’ पाण्यात उतरले १९१९ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. पुढे १९३० मध्ये ते सीक्लिफच्या किनाऱ्यावर नेऊन त्याचे नाचघर केले गेले. ‘पेराल्टा’ कॅनडात लाटा अडवायच्या कामी आले. (फसलेल्या योजनांचे अवशेष किती चिवट असतात!) बेट पुन्हा मोकळे. मग दारूबंदीच्या काळात, १९२६ मध्ये, तटरक्षक दलाने तिथे तळ मांडला. तोही सगळ्या बेटावर नव्हे, अवघ्या १५ एकरांवर. १९४० मध्ये नवशिक्यांचे प्रशिक्षण केंद्र आले. ते १९८२ मध्ये बंद झाले, प्रशिक्षण न्यू जर्सीतल्या केप मे येथे एकवटले आणि बेटाला आजचे नाव मिळाले.

यावर आक्षेप घेता येईल, की वाऱ्या-लाटांपासून सुरक्षित पाणी, जवळ सॅन फ्रान्सिस्को, पाठीशी ओकलंडचे बंदर, मग ही जागा योगायोगाची कशी? गुण खरेच आहेत. पण सॅन फ्रान्सिस्को उपसागरात हे गुण इतरही किनाऱ्यांना होते. शिवाय बुडत्याला वाचवायला धावणाऱ्या बोटींचे ठाणे तटरक्षक दलाने गोल्डन गेटच्या तोंडाशी ठेवले आहे, आणि सॅन फ्रान्सिस्को परिसराचा कारभार येर्बा ब्यूना या नैसर्गिक बेटावरून चालतो. जिथे मिनिटांचा प्रश्न आहे, तिथे जागा खरोखरच निवडली गेली. कोस्ट गार्ड आयलंडकडे राहिली कार्यालये आणि ‘बर्थॉफ’सारखी ४१८ फुटी गस्ती जहाजे. महिनोन् महिने समुद्रावर जाणाऱ्या जहाजाला खाडीतून बाहेर पडायला थोडा वेळ जास्त लागला, तर बिघडत नाही.

दुसरा आक्षेप असा, की नियोजनाशिवाय इतके टिकाऊ काही उभे राहत नाही. त्याला उत्तर जवळच आहे. येर्बा ब्यूनाला लागून ‘ट्रेझर आयलंड’ हे दुसरे कृत्रिम बेट १९३९च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधले गेले. नंतर तिथे शहराचा कायमचा विमानतळ व्हायचा होता. युद्ध आले, नौदलाने बेट घेतले, १९९७ मध्ये तेही निघून गेले. विमानतळ झालाच नाही. म्हणजे पक्की योजना असलेल्या बेटाची योजना फिसकटली आणि योजनाच नसलेले बेट गरजेगरजेने कामाला येत गेले.

ही सवय अजून मोडलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने उपसागराच्या परिसरात स्थलांतरितांविरुद्ध कारवाईची तयारी केली, तेव्हा सीमा गस्तीचे अधिकारी उतरवायला हेच बेट निवडले. बेटावर जायला पूल एकच आणि तोही ओकलंडच्या बाजूने. त्यामुळे निदर्शकांनाही कुठे जमायचे हे शोधावे लागले नाही.