ई-मेलमध्ये मोडलेलं वऱ्हाड

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं. महानुभावांचा लीळाचरित्र हा ग्रंथ तिथला, मराठी भाषा विद्यापीठही तिथलंच. अभिमान वाटावा असंच हे आहे. तरीही ज्या भागाला हा मान मिळाला, त्याचं 'वऱ्हाड' हे नाव ई-मेलमधून धडपणे पोहोचेल याची खात्री आजही नाही. हे बोचतं.

संगणकात अक्षरं साठवण्याच्या मानकांची नव्वदच्या दशकातली कहाणी थोडक्यात आटोपते. १९९१मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं, सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून घेतली आणि १९९२मध्ये युनिकोड बाइटांत साठवण्याची यूटीएफ-८ ही रीत जन्माला आली.

अमरावती-अकोल्याच्या डीटीपी सेंटरांत मात्र राज्य युनिकोडचं नव्हे, जुन्या फॉन्टचं होतं आणि २००० ते २०१० या दशकात त्याची किंमत मोजावी लागली. कृतिदेव या फॉन्टमध्ये 'मराठी' टाइप केलं, की फायलीत प्रत्यक्षात इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही अक्षरं साठत. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, की दर्यापूरहून आलेली बातमी निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. विंडोज २०००मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी आली होती. तरी छापखाने, कार्यालयं जुन्या फॉन्टला चिकटून राहिली. ही चूक मोठी होती.

याच दशकात मराठी स्वयंसेवक केडीई, ग्नोम, फायरफॉक्स ही मुक्त सॉफ्टवेअरं मराठीत आणत होते. केलेला बदल पॅच म्हणून ई-मेलने पाठवायचा, तर मूळ फायलीतल्या आजूबाजूच्या ओळी बाइट न् बाइट जुळाव्या लागत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं. पत्राच्या शीर्षात एन्कोडिंग जाहीर नसलं, की दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' उमटे. अशा पत्रातून उतरवून घेतलेला पॅच बसतच नसे.

सगळ्यात वाईट हाल झाले ते 'वऱ्हाड'चे. यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण पहिल्या रीतीने शब्द १८ बाइटांचा होतो, दुसऱ्या रीतीने २१. एकाने एक रीत वापरली नि दुसऱ्याने दुसरी, तर पॅच नाकारला जाई आणि डोळ्यांना कारण सापडत नसे. वाटेत एखाद्या प्रोग्रॅमने अदृश्य चिन्ह गाळलं, तर रफार चढून 'वर्हाड' होई. असं 'वर्हाड' इंटरनेटवर आजही जागोजागी सापडतं.

२००५मध्ये आलेल्या गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची ई-मेल आज्ञा एन्कोडिंग जाहीर नसेल तर स्पष्ट विचारते. पॅच पाठवणाऱ्यांचा प्रश्न त्याने बराचसा मिटला. जुन्या फॉन्टमधल्या बातम्या, स्मरणिका, ठराव मात्र तसेच अडकून आहेत. त्यांत मराठी शब्द शोधला तर सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नाहीच. रिद्धपूरच्या विद्यापीठाने महानुभावांच्या हस्तलिखितांइतक्याच आस्थेने या फायलींचं रूपांतर हाती घ्यावं आणि ते लवकर घ्यावं. कुठल्या फॉन्टमध्ये कोणत्या कळीवर कोणतं अक्षर होतं, हे तोंडपाठ असलेले डीटीपीवाले अमरावती-अकोल्यात अजून आहेत.