टायटॅनियमचा स्क्रू: ऐंशी वर्षांचा मागोवा

शहाड स्टेशनला उतरून उल्हासनगर कॅम्प १ कडे निघालं की सेंच्युरी रेयॉनचा कारखाना लागतो. व्हिस्कोस रेयॉन करायचा तर कॉस्टिक, कार्बन डायसल्फाइड, सल्फ्युरिक अ‍ॅसिड सगळं हवं. त्या प्रक्रियेत हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि त्याने चांदी काळी पडते. अशा कारखानदारीच्या पट्ट्यात धातू कसा खाल्ला जातो हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि माणसाचं तोंडही धातूला काही कमी जाचक नाही. खारट लाळ, लिंबू, चहा, जंतूंनी तयार केलेलं आम्ल, शिवाय दिवसभराचं चावणं.

१९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीचं उल्हासनगर शहर झालं, तेव्हा दात गेले की बहुतेकांना कवळी हाच उपाय होता. टायटॅनियम हाडाला सोसतं, हे त्याआधीच, १९४० मध्ये, बोथ आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मांडीच्या हाडात दाखवलं होतं. पण त्याचा दातांशी संबंध कुणी जोडला नव्हता. पुढे १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. काम संपलं, कुपी काही निघेना. हाडाने ती धरून ठेवली होती. १९६५ मध्ये त्यांनी योस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात कृत्रिम दातांसाठी पहिले स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले तोवर ते टिकले. जगभरच्या दंतवैद्यांना खात्री पटायला मात्र १९८२ ची टोरांटोची परिषद यावी लागली.

टायटॅनियम मुळात थंड स्वभावाचा धातू नव्हे. हवा लागताच तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि अंगावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. ओरखडा पडला तर थर लगेच पुन्हा धरतो. हाडाच्या पेशींची गाठ पडते ती या थराशी, आतल्या धातूशी नाही. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

शुद्ध टायटॅनियम पुरेसं मजबूत नाही म्हणून विमानांसाठी घडवलेला, ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू शरीरात आला. व्हॅनेडियमच्या विषारीपणाची शंका निघाली, तेव्हा त्याच्या जागी नायोबियम आलं. पुढे बारीक स्क्रूंसाठी झिरकोनियमचं मिश्रण आलं. तरी शुद्ध प्रकारांपैकी सर्वांत मजबूत, चौथ्या ग्रेडचं टायटॅनियम आजही सर्रास वापरलं जातं.

ऑक्साइडचा थर अभेद्य मात्र नाही. आम्लयुक्त फ्लोराइड जेल त्याला खातं. साधी, आम्ल नसलेली फ्लोराइड टूथपेस्ट चालते. हिरडीखाली जंतूंचा थर साचला की आम्ल वाढतं, ऑक्सिजन घटतो, धातूचे कण सुटतात. कण आधी की सूज आधी, हा वाद अजून चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे: धातूच्या गुणांपेक्षा अस्वच्छ हिरडी, तंबाखू आणि आटोक्यात नसलेली रक्तातली साखर जास्त स्क्रू घालवतात. शिवाय बसवतानाचा हात महत्त्वाचा. भोक पाडताना हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते, म्हणून ड्रिलवर थंड सलाइन सोडत राहावं लागतं.

स्क्रूच्या डबीवर एक सोलून काढायचं स्टिकर असतं: कंपनी, माप, लॉट नंबर. डॉक्टरांकडून ते मागून घ्यावं आणि आपल्या फाइलला चिकटवावं. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांना तो स्क्रू उघडावा लागला, तर नेमकं तेच लागतं.