सफरमैना पलटणींतील तरुण इंजिनियर व त्यांच्या युद्धसेवेचीं साधनें

दापोडी हें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. मुळा व पवना यांच्या संगमालगतच्या या गांवीं पेशवाईच्या अखेरीस कॅप्टन फोर्ड याच्या कवायती पलटणीचा तळ होता, आणि ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं येथूनच निघून ते शिपाई खडकीच्या रणांगणांत इंग्रजांस मिळाले. पुढें मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला व सरकारी वनस्पति-उद्यान यांमुळें गांवास कांहीं काळ महत्त्व आलें. १९४८ सालीं रूडकीहून लष्करी इंजिनियरिंगचें विद्यालय येथें आणण्यांत आलें. तेंच आजचें सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय होय. नदीपलीकडे खडकीस मुंबई सॅपर्सचें ठाणें तर एकोणिसाव्या शतकापासूनचें आहे. या ठाण्याच्या कंपन्यांतून ज्या तरुणांनीं युद्धसेवा केली, त्यांच्याविषयीं कोणतीं साधनें उरलीं आहेत व तीं नेमकी कोणाची आठवण राखतात, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. नांव व क्रमांक

‘सॅपर्स अँड मायनर्स’ या नांवाचा शिपायांच्या तोंडीं ‘सफरमैना’ असा अपभ्रंश झाला. खंदक खणणें, पूल बांधणें व उडविणें, रस्ते करणें, सुरुंग पेरणें व काढणें हें या पलटणीचें काम; प्रसंग पडल्यास बंदूक घेऊन पायदळाबरोबर लढणें हेंही तिच्याकडेच. कागदांचा काळ ठरविण्यास पलटणीच्या नांवांतील फेरफार ध्यानांत ठेवावे. १९०३ सालीं मुंबईच्या या पलटणीस ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ असें नांव मिळालें व १९२३ पासून ती ‘रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स’ झाली. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं १७ ते २२ या क्रमांकांच्या कंपन्या मुंबईच्या होत्या. तेव्हां एखाद्या जीर्ण दाखल्यावर नुसता कंपनीचा क्रमांक असला, तरी त्यावरून पलटण ओळखतां येते.

२. न्यूव्ह शापेल व कूत

ता. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं फ्रान्समधील न्यूव्ह शापेल या गांवावर २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांनीं ४७ व्या शीख पलटणीबरोबर हल्ला केला. गांवांत घरोघर झुंज झाली. सायंकाळपर्यंत दोन्ही कंपन्यांचे सर्व इंग्रज अधिकारी ठार, जखमी किंवा बंदिवान झाले होते. पूल बांधण्यासाठीं वर्षानुवर्षें शिकविलेलीं माणसें एका दिवसांत पायदळाप्रमाणें खर्चीं पडलीं.

मेसोपोटेमियांत १७ व २२ क्रमांकांच्या कंपन्या जनरल टाउनशेंड याच्या फौजेबरोबर कूत येथें वेढ्यांत सांपडल्या. डिसेंबर १९१५ मध्यें सॅपर्सचा लेफ्टनंट मॅथ्यूज व गुरखा पलटणीचा लेफ्टनंट स्वीट यांनीं रात्रीं जाऊन तेथील पूल उडविला. ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली व सुमारें १३,००० लोक तुर्कांच्या कैदेंत पडले. अधिकाऱ्यांस वेगळें ठेवण्यांत आलें. शिपायांस वाळवंटांतून चालवीत नेलें, आणि त्यांतील हजारों परतले नाहींत. पुलाच्या तराफ्यांवरील अधिकारी मेजर सँडीस हा जिवंत परतला. त्यानें १९१९ सालीं कूत व कैद यांवर ग्रंथ लिहिला आणि १९४८ सालीं हिंदी सॅपर्सचा इतिहासही प्रसिद्ध केला. त्याच्या हाताखालीं राबलेल्या शिपायांपाशीं अशी लेखणी नव्हती.

हाच भेद दगडावरही उमटला आहे. १९२७ सालीं उघडलेल्या न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर हिंदी शिपायांचीं नांवें कोरलीं आहेत. परंतु १९२९ सालच्या बसरा येथील स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरून, साध्या शिपायांचा निर्देश मात्र पलटणवार केवळ संख्येनें केला. एकाच ठाण्यांतून निघालेल्या दोन शिपायांपैकीं फ्रान्सांत पडलेल्यास नांव मिळालें व इराकांत पडलेल्याचा आंकडा झाला. २०२१ सालीं राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधि मंडळानेंच आपल्या चौकशीच्या अहवालांत हा पक्षपात मान्य केला.

३. भगत

प्रेमेंद्रसिंग भगत यांचा जन्म १९१८ चा. १९३९ सालीं अधिकारपद मिळून ते मुंबई सॅपर्समध्यें दाखल झाले व २१ व्या फील्ड कंपनीबरोबर पूर्व आफ्रिकेंत गेले. १९४१ च्या आरंभीं मेतेम्मा पडल्यावर माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याचा पाठलाग सुरू झाला, तेव्हां रस्त्यांतील सुरुंग काढण्याचें काम या बावीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंटाकडे आलें. चार दिवस, ५५ मैल, सर्वांत पुढच्या चिलखती गाडींत बसून त्यांनीं १५ सुरुंगक्षेत्रें मोकळीं केलीं. दोन वेळां त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, स्फोटानें एका कानाचा पडदा फाटला. तरी, आतां हें काम आपणांसच अधिक अवगत झालें आहे, असें सांगून त्यांनीं बदली माणूस नाकारला. जून १९४१ मध्यें त्यांचें व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झालें. पुढें ते लेफ्टनंट जनरल झाले व १९७५ सालीं वारले.

गॅझेटांतील गौरवलेखांत गाडी उडाल्यावर ‘इतरांस’ इजा झाल्याचें नमूद आहे. हे इतर कोण, हें त्या लेखावरून समजत नाहीं.

४. राणे

रामा राघोबा राणे हे कारवारनजीकच्या चेंडिया गांवचे, जन्म १९१८. भगत अधिकारी म्हणून आले, राणे मात्र १९४० सालीं साधे शिपाई म्हणून मुंबई सॅपर्समध्यें भरती झाले. ब्रह्मदेशच्या मोहिमेंत जपान्यांशीं लढून ते हवालदार झाले व डिसेंबर १९४७ मध्यें सेकंड लेफ्टनंट. ता. ८ एप्रिल १९४८ रोजीं नौशेरा ते राजौरी या मार्गावर ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी घेऊन ते रणगाड्यांपुढें सुरुंग काढण्यास उभे असतांच शत्रूच्या तोफगोळ्यांचा मारा सुरू झाला. दोघे जागीं ठार झाले, राणे धरून पांच जखमी झाले. राण्यांनीं उरलेली तुकडी सांवरून काम चालूं ठेविलें. ता. ११ पर्यंत, रात्रीं दहापर्यंत राबून व पहांटेस पुन्हां उठून, पाडलेले चीड वृक्ष सुरुंगानें उडवीत व मोडलेल्या मोरीस वळणरस्ता काढीत त्यांनीं चिंगसपर्यंत वाट मोकळी केली, ता. १२ रोजीं राजौरी हातीं आलें. या कामगिरीबद्दल त्यांस परमवीरचक्र मिळालें. १९९४ सालीं पुण्यास ते निवर्तले.

याही गौरवलेखांत मेलेल्या दोघांचीं नांवें नाहींत.

५. उपसंहार

गौरवलेख हें अस्सल साधन खरें, पण तें एक माणूस व एक प्रसंग टिपतें. सुरुंग काढणें हें मात्र तुकडीचें काम आहे : एक शोधतो, दुसरा खणतो, तिसरा दोरी धरतो. भगत व राणे यांचा पराक्रम यत्किंचित् उणा न करतां म्हणतां येतें कीं, त्यांच्या शेजारीं उभ्या असलेल्यांचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे. आणि त्याचीं साधनें सरकारी दप्तरापेक्षां घरांतील पेट्यांत सांपडण्याचा संभव अधिक.

पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधून हिंदी शिपायांनीं लिहिलेल्या पत्रांचे इंग्रजी उतारे तपासनीसांनीं करून ठेविले. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. मूळ पत्रें मात्र गांवोगांव गेलीं. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. म्हणून घांसून गुळगुळीत केलेलें किंवा वितळविलेलें पदक म्हणजे एक नष्ट झालेला लेखच होय. सेवामुक्तीचे दाखले, निवृत्तिवेतनाचीं पुस्तकें, मनिऑर्डरींच्या पावत्या, मृत्यूची तार, हीं चिटोरीं बखरींहून क्षुद्र वाटतात. पण ज्याचें नांव बसऱ्याच्या दगडावर नाहीं, त्याचें नांव कदाचित् त्यांवरच असेल.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, असा कागद किंवा पदक दिसतांच त्याची नक्कल करावी, पदकाच्या कडेचा लेख अक्षरशः उतरून घ्यावा, आणि वस्तु कोणत्या गांवच्या कोणत्या घरांत मिळाली हें त्याच वेळीं लिहून ठेवावें. घरापासून तुटलेल्या क्रमांकास पुन्हां माणूस जोडणें पुढें फार कठीण जातें.